डोळे आले आणि पाय गेले

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर आलेली डोळ्यांची साथ वाचकांच्या आठवणीत असेल. आमच्या दवाखान्यात बाकावरचे निम्मे लोक काळा चष्मा लावून बसलेले असत. ‘डोळे येणे हा काय आजार आहे? चार दिवसांत जातात,’ असे बहुतेकांचे म्हणणे. ते खरेच आहे. परंतु मुंबईत एकेकाळी डोळ्यांच्या साथीने धडधाकट माणसांचे पाय लुळे केले होते, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात ही साथ प्रथम दिसली. माणूस चंद्रावर उतरला ते वर्ष, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’ म्हटले. १९७१ मध्ये ती भारतात पसरली. बंगालात युद्धाचे दिवस होते, तेथे ती ‘जय बांगला’ झाली. मुंबईत घरोघर डोळे आले आणि बरेही झाले. पण त्यानंतर काही आठवड्यांत मोजके रुग्ण, तेही बहुतेक तरणेताठे पुरुष, कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळा आणि मांडीतला लुळेपणा घेऊन इस्पितळात येऊ लागले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी लाल डोळे आणि लुळे पाय यांचा संबंध ओळखला व १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. आपला जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा झाला त्या १९८१ साली मुंबईत पुन्हा साथ आली आणि पुन्हा तसेच रुग्ण सापडले.

हा विषाणू म्हणजे एन्टेरोव्हायरस ७०, पोलिओचाच भाऊबंद. ‘एन्टेरो’ म्हणजे आतड्याचा. पोलिओचा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून तोंडावाटे आतड्यात जातो. हा मात्र हाताने, टॉवेलने डोळ्यात जातो. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा डोळ्याच्या पृष्ठभागाचा थोडा गारवा त्याला मानवतो.

मज्जारज्जूत पुढच्या बाजूला स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात. पोलिओचा विषाणू रक्तातून किंवा मज्जातंतूच्या वाटेने तेथे पोचतो, पेशीचा सगळा कारखाना स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो आणि काही तासांत पेशी फुटते. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तिच्या ताब्यातले स्नायूतंतू निराधार होतात, पाय वाळतो. स्पर्शाच्या पेशी वेगळ्या जागी असल्याने लुळ्या पायालाही चिमटा कळतो. शेजारच्या वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून काही तंतू दत्तक घेतात, म्हणून थोडी ताकद परतते.

दिलासा एवढाच, की पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच लकवा होतो. मग तो कोणाला? यात सुईचा हात असे, हे आपल्याकडच्या ‘सुई मारा, डॉक्टर’ म्हणणाऱ्यांनी ऐकावे. विषाणू अंगात असताना स्नायूत इंजेक्शन टोचले, तर त्या जखमेतून मज्जातंतूची वाट त्याला सोपी होते. साध्या तापासाठी कुल्ल्यावर सुई घेतलेल्या कित्येक मुलांचा नेमका तोच पाय गेला. पोलिओ गेला, सुईची हौस काही गेली नाही.

भारतात पोलिओच्या रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालात आढळला. २०२३ च्या साथीत तपासलेल्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-२४ सापडला. तोही याच घराण्यातला, पण लकव्याच्या बाबतीत बराच सौम्य. एन्टेरोव्हायरस ७१ मात्र तसा नाही. लहान मुलांच्या हातापायांवर व तोंडात फोड येतात, त्या आजारामागे कधी कधी तो असतो आणि क्वचित मेंदूच्या देठावर घाव घालतो. फोड आलेले मूल झोपेत वारंवार दचकू लागले, सतत ओकू लागले किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागले, तर रात्र काढू नका. त्याला मोठ्या दवाखान्यात न्या.

हात धुवा, हे टँकरच्या गावात सांगताना माझीच जीभ अडखळते. तरी डोळे आलेल्याचा टॉवेल वेगळा ठेवायला पाणी लागत नाही. बाळाला पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन दोन्ही वेळेवर द्या. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, तर मालिश करीत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यावे लागतात.