अर्धवट वटवाघूळ दाखवा म्हणणाऱ्यांसाठी

"अर्धवट वटवाघळाचा एकही जीवाश्म सापडलेला नाही. सर्वांत जुनं वटवाघूळही अगदी आजच्यासारखंच होतं. म्हणजे उत्क्रांती खोटी!" हा युक्तिवाद व्हॉट्सअॅपवर फिरतो, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतही हमखास येतो. त्यातलं पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे, दुसरं साफ चूक आहे आणि तिसरं या दोन्हींतून निघतच नाही.

चुकीपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी एक सरोवर होतं. त्याच्या गाळाचा आता पातळ थरांचा चुनखडक झाला आहे. त्यात मासे ढिगांनी मिळतात, वटवाघूळ मात्र क्वचित. १९६६ साली जीवाश्मशास्त्रज्ञ ग्लेन जेप्सन यांनी तिथल्या 'इकारोनिक्टेरिस' या वटवाघळाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचे पंख पूर्ण विकसित होते. आपल्या युक्तिवाद्यांचं वाचन बहुधा तिथेच थांबलेलं आहे.

कारण २००८ साली नॅन्सी सिमन्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्याच भागातलं 'ऑनिकोनिक्टेरिस' जगापुढे आणलं. त्याच्या हाताच्या पाचही बोटांना नख्या आहेत. आजच्या वटवाघळांत नखी अंगठ्याला असते, आणि बहुतेक फलाहारींमध्ये शेजारच्या बोटालाही. बाकीची बोटं बिननखीची. शिवाय त्याचे हात तुलनेने आखूड आणि मागचे पाय लांब आहेत. म्हणजे उडता येत होतं, पण फांद्यांवर चढण्याची जुनी सोय अजून सुटली नव्हती. त्याचा आतला कानही लहान आहे. त्यावरून आधी उड्डाण आलं आणि प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधणं नंतर, असं सिमन्स यांच्या गटाने मांडलं. २०१० साली 'नेचर'मध्येच दुसऱ्या गटाने घशातल्या एका हाडाच्या पुराव्यावर याला हरकत घेतली. जीवाश्म दाबला जाऊन चपटा झालेला असल्याने हा वाद रेंगाळला आहे. पण निकाल कसाही लागो, हे वटवाघूळ "आजच्यासारखं" नाही.

मग त्याआधीचे टप्पे कुठे गेले? इथे गाळाकडे बघावं लागतं. सरोवराच्या खोल तळाशी प्राणवायू नसेल तर मेलेल्या प्राण्याचे लचके तोडायला कुणी येत नाही आणि बारीक चिखल त्याला अलगद झाकतो. जर्मनीतल्या मेसेलच्या सुमारे ४.८ कोटी वर्षं जुन्या सरोवरात हे इतकं छान जमलं, की शेकडो वटवाघळं मिळाली आणि काहींच्या पोटात पतंगांच्या पंखांवरचे खवलेही सापडले. जंगलातल्या ओल्या, आम्लयुक्त जमिनीवर मात्र ती नाजूक हाडं विरघळून जातात. विहिरीत पडलेल्यांच्या यादीवरून गावाची शिरगणती करावी, तशातला अर्धवट वटवाघळाचा हा हट्ट आहे.

वाहत्या पाण्याच्या गाळात सांगाडा विखुरतो, उरतात ते दात आणि जबड्याचे तुकडे. आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतून सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीची वटवाघळं मिळाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या सात जाती नोंदवल्या आहेत, मुख्यतः दात-जबड्यांवरून. भारताचा भूखंड तेव्हा आशियाला पुरता जोडलेलाही नव्हता. एका ठिकाणी सात जाती, म्हणजे या वंशाचा इतिहास त्याहून बराच मागे जातो. आणि आता नीट ऐका: अर्धवट पंखांच्या पूर्वजाचा दात उद्या हाती आला, तरी दात पंखाबद्दल काही सांगत नाही. तसा सांगाडा मिळायला योग्य काळातलं, योग्य तळाचं सरोवर सापडावं लागेल.

उरलेले गैरसमज थोडक्यात. वटवाघूळ म्हणजे पंख फुटलेला उंदीर: नाही, जनुकीय पुराव्यानुसार ते घोडे, कुत्रे आणि देवमासे यांच्या मोठ्या गटात येतं, उंदीर वेगळ्या गटात. वटवाघळं आंधळी असतात: एकही जात आंधळी नाही, फलाहारींची नजर तर रात्री चांगलीच चालते. त्यांचे जीवाश्म गुहांतच मिळतात: वर आलेली सगळी नावं पाण्याच्या गाळातली आहेत. वटवाघळाला जमिनीवर चालता येत नाही: न्यूझीलंडच्या सेंट बॅथन्स इथल्या जुन्या सरोवराच्या गाळातून २०१८ साली वर्णन झालेल्या 'व्हल्कॅनॉप्स' या वटवाघळाचे आजचे नातेवाईक तिथल्या जंगलात पालापाचोळ्यातून चौपायी धावत किडे शोधतात.