एक ठोसा आणि सिमेंटचा रस्ता

दिवाळीनंतर ब्रह्मपुरीच्या आजूबाजूच्या गावांत मंडई सुरू होते. दिवसा बाजार, रात्री नाटक. गर्दीत कुणाचा धक्का लागतो, कुणी शिवी देतो, दोघे बाह्या सरसावतात. एक ठोसा बसतो आणि पोरगा मागच्या मागे सिमेंटच्या रस्त्यावर आपटतो. लगेच उठतोही. चहा पितो, हसतो, घरी जाऊन झोपतो. आई म्हणते, "झोपू द्या, रातभर जागला." सकाळी तो हाक मारूनही उठत नाही.

ही कुणा एका घरची गोष्ट नाही. डोक्याच्या माराची चालच अशी फसवी असते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही मारामारीबद्दल लिहीत आहोत.

डोक्याला मार लागला तर

ठोशापेक्षा जास्त घात जमीन करते. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकले तर ती फाटते आणि रक्त कवटीच्या आत साचू लागते. पहिले काही तास माणूस बरा दिसतो, आत मात्र मेंदूवर दाब वाढत असतो. वेळेत ऑपरेशन झाले तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. पण नागपूर आणि चंद्रपूरची मोठी सरकारी रुग्णालये आपल्यापासून शंभर किलोमीटरहून दूर आहेत. सकाळची वाट पाहण्यात तेच मोलाचे तास जातात.

यातले एक जरी लक्षण दिसले तरी 108 ला फोन करा:

– थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपली होती
– वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
– बडबड, गोंधळ, नेहमीपेक्षा जास्त झोप
– एका बाजूचा हात-पाय लुळा, झटके
– नाका-कानातून रक्त किंवा पाणी
– एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी

"दारू चढली असेल" म्हणून सोडून देऊ नका. दारू आणि मेंदूचा मार वरून सारखेच दिसतात.

लहान वाटणाऱ्या जखमा

दुसऱ्याच्या दातावर मूठ बसून बोटाच्या सांध्यावर झालेली चीर क्षुल्लक वाटते. पण तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात आणि बोट कायमचे आखडू शकते. हळद भरून बसू नका. वाहत्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. पोटावर लाथ बसली असेल तर बाहेर काही न दिसताही आत रक्तस्राव होऊ शकतो. पोट दुखत राहिले, चक्कर आली, अंग गार पडले तर थांबू नका. चाकू रुतला असेल तर उपसू नका. भोवती कापड दाबून धरा.

स्वसंरक्षण म्हणजे काय

स्वसंरक्षण म्हणजे जिंकणे नव्हे, सुखरूप घरी पोचणे. दोन्ही तळवे उघडे समोर धरा, हातभर अंतर ठेवा, उजेडाकडे आणि लोकांकडे सरका, मोठ्याने ओरडा, 112 लावा. आपल्या मुलींनी कराटे जरूर शिकावे, पण वार करायचा तो सुटून पळण्यापुरता. माघार घेण्यात कमीपणा नाही. आणि विहारात आपण पाचवे शील म्हणतो, ते मंडईच्या रात्रीही पाळले तर बरीच भांडणे उभीच राहणार नाहीत.

कायदा आपल्याला जीव वाचवण्याचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 त्यासाठीच आहेत. पण गरजेपुरतेच बळ वापरता येते. समोरचा पडल्यावर किंवा पळाल्यावर मारलेला दांडा हा बचाव ठरत नाही. आपली किती पोरे पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावतात! चारित्र्य पडताळणीत मारामारीचा एक गुन्हा निघाला तर ती सगळी धाव वाया जाऊ शकते.

जातीवरून शिवी दिली तर

इथे रक्त उसळते, आणि ते आम्हाला कळते. पण हात उचलला की समोरचा उलट तक्रार देतो आणि आपली बाजू लंगडी होते. साक्षीदारांची नावे लिहून ठेवा, लगेच ठाण्यात जा, 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्या, तक्रारीची प्रत घ्या. ती फुकट मिळते. मार लागला असेल तर आधी दवाखाना. मारहाणीतून जखम झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे तशी नोंद होईल. "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे.

मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. कित्येकांची डोकी फुटली. बदला घ्यायला अनेक हात तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. जखमींना दवाखान्यात नेले, खटला चालला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाली. त्या दिवशी हात आवरणारे भित्रे नव्हते. त्यांना लढाई लांबची आहे हे ठाऊक होते.

हे पान घरातल्या पोरांना वाचून दाखवा. आणि आज रात्री कुणी डोक्याला मार घेऊन घरी आला, तर त्याला एकटे झोपू देऊ नका.