डिझेल कण गाळणी

डिझेल कण गाळणी (डीपीएफ) हा डिझेल वाहनाच्या धुरातील काजळीचे सूक्ष्म कण अडवणारा भाग आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या अवजड मालमोटारींत ही गाळणी बसवली जाऊ लागली.

रचना
गाळणीचा गाभा मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा असतो. त्यातील नळ्या आळीपाळीने एकेका टोकास बंद असल्याने धूर सच्छिद्र भिंतींतून जातो व कण मागे राहतात.

काजळी जाळणे
साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सियसला जाळली जाते. या क्रियेस रिजनरेशन म्हणतात. महामार्गावरील सलग प्रवासात ती सहसा आपोआप होते. परभणी जिल्ह्यात शेतातून जिनिंग किंवा साखर कारखान्यापर्यंत होणाऱ्या थोड्या अंतराच्या, थांबत जाणाऱ्या खेपांत पुरेसे तापमान टिकत नाही. अशा वेळी सूचक दिवा लागल्यास वाहन उभे करून ही क्रिया करावी लागते. त्या दरम्यान धुराची नळी अतिशय तापते. म्हणून वाहन कापूस, उसाचे पाचट व वाळलेल्या गवतापासून दूर उभे करणे आवश्यक असते.

राख काढणे
इंजिन तेलातील धातुयुक्त घटकांची राख जळत नाही. त्यामुळे गाळणी ठरावीक अंतरानंतर उतरवून, धूर जाण्याच्या उलट दिशेने दाबाची हवा सोडून स्वच्छ केली जाते. कमी राख देणारे तेल वापरल्यास हा कालावधी वाढतो. उच्च दाबाच्या पाण्याने गाभ्यास इजा होऊ शकते. गाभा काढून टाकल्यास कण थेट हवेत मिसळतात व वाहन उत्सर्जन मानकांनुसार राहत नाही.