फाइल कुठं ठेवलीस?

सकाळी ७:१०
चंडीमंदिर छावणीच्या फाटकातून मॅडमची स्कूटी बाहेर पडते. माहेर साताऱ्याचं. नवरा फौजेत, बदली इथली, म्हणून यांची नोकरीही इथंच आणि तीही तासावर. पंचकुला ओलांडायचं, मध्य मार्गाला लागायचं. शंभराचं पेट्रोल दीड दिवस चालतं. ऑगस्टचा उकाडा या वेळेलाच अंगाला चिकटतो.

८:००
चंडीगडमधलं एक कॉलेज, पहिल्या मजल्यावर लॅब. मशीन तीस, चालू सव्वीस. मॅडम फडकं मारतात, माउस उलटे करून बघतात. एका मशीनवर तारीख २००९ दाखवतेय. आतला नाण्याएवढा सेल गेलाय. तारीख चुकली की बँकेची, सरकारी साइट उघडतच नाही, आणि पोरं म्हणतात नेट बंद आहे. सेल चाळीस रुपयांचा. पर्समध्ये दोन असतातच. बिल लावलं तर पैसे दिवाळीपर्यंत येतात, म्हणून त्या लावत नाहीत.

९:००
पहिली बॅच, बीए प्रथम वर्ष. खरड, रोपड, नालागढची मुलं, काही ४३ सेक्टरच्या बसस्टँडवर उतरून थेट आलेली. सगळ्यांच्या हातात बरे फोन. कॉम्प्युटर मात्र बऱ्याच जणांनी शाळेत लांबूनच पाहिलेला. एक मुलगी मॉनिटरवर बोट सरकवते, मग स्वतःच हसते.

आजचा धडा एवढाच: एक पान टाइप करा, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा.

"मॅम जी, फाइल उडाली."

"उडत नाही रे. कुठं ठेवलीस?"

पोरगा गप्प. फोनमध्ये ‘कुठं’ हा प्रश्नच येत नाही, फोटो गॅलरीत आपोआप दिसतो. मॅडम वहीत लिहायला लावतात: कोणता ड्राइव्ह, कोणतं फोल्डर, काय नाव. डाउनलोड्समध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाच्या सात फाइली सापडतात. सात जणांच्या.

१०:४०
अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट जमा होतात ते, खातं काढायचंय. त्यासाठी डिजिलॉकर, त्यासाठी आधार, आणि आधारला जोडलेला नंबर वडिलांचा. ओटीपी गावी जातो. वडील धानाच्या शेतात. पोरगी तिसऱ्यांदा फोन लावते. "पापाजी, जो मेसेज आया है, नंबर बोलो." पलीकडून चष्म्याची शोधाशोध ऐकू येते. नंबर येतो तेव्हा वेळ संपलेली. पुन्हा पाठवा. बाहेर दुकानात याच कामाचे पन्नास रुपये घेतात, आणि पासवर्डही दुकानदारच ठरवतो. मॅडमना तेच नकोय.

१२:००
एक मुलगा घरून पंजाबी निबंध टाइप करून आणतो. चोख काम. फॉर्ममध्ये चिकटवतो तर गुरुमुखीच्या जागी नुसती रोमन अक्षरं. टायपिंग क्लासला तो ‘असीस’ फाँट शिकलाय. आपल्याकडे जुन्या श्रीलिपीतला मजकूर मेलमध्ये टाकला की जे व्हायचं, तेच. आत अक्षर रोमनचं, वरून कपडे गुरुमुखीचे. मॅडम युनिकोड कीबोर्ड चालू करून देतात. तीन पानं परत टाइप. पोराचा चेहरा उतरतो, पण बोटं लगेच चालू होतात.

१:१५
डबा. पोळी, मेथी, लोणचं. चहा पंधरा रुपये. तासिकेला मिळतात पाचशे. सुट्टीचे, परीक्षेच्या दिवसांचे काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासिकेमागं १५०० रुपयांपर्यंतचा दर ठरवून दिला. यांचं पद ‘प्रशिक्षक’. शब्द वेगळा, दर वेगळा.

२:००
दुपारची तासिका लायब्ररीत. ही मला सगळ्यात आवडली. ग्रंथालयाचं शिक्षण इथं नवं नाही. अमेरिकन ग्रंथपाल एसा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला तो १९१५मध्ये, लाहोरला. फाळणीनंतर तिथलं विद्यापीठ दुभंगलं, इकडचा भाग पुढं चंडीगडला आला.

एका मुलीनं असाइनमेंटला सहा संदर्भ दिलेत. मॅडम म्हणतात, एकेक उघडून दाखव. डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख क्रमांक टाकायचा, लेख समोर यायला हवा. चार येतात. पाचव्याचं नियतकालिक खरं, वर्ष खरं, पण त्या पानांवर दुसऱ्याच माणसाचा भाताच्या किडीवरचा लेख. सहावा कुठंच नाही.

"कुठून घेतलेस?"

"चॅटजीपीटी, मॅम जी."

रागावणं नाही. तिला शोधगंगेवर नेतात, देशभरचे पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात ते दाखवतात. आपल्या विषयाचा एक शोध, उघड, पान क्रमांक लिही. मुलगी वीस मिनिटं त्या एकाच प्रबंधात अडकून राहते. विषय तिच्याच जिल्ह्याचा निघतो.

४:१०
हजेरीपत्रक. मॅडम चार तासिकांची सही करतात. म्हणजे दोन हजार. सकाळी आठला मशीन पुसली, सेल बदलला, त्याला पत्रकात रकाना नाही.