स्टेपनी कुठंय?

रविवार, सकाळचे साडेसात. खंबाटकी घाट उतरून आम्ही सुरूर फाट्याच्या अलीकडे पोचलो होतो. वाईत मिसळ, मग पसरणी घाटातून पाचगणी, असा साधा सोपा प्लॅन. साधी नव्हती ती फक्त गाडी. माझ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, महिन्यापूर्वी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल रंग, दोनच सीट, उघडणारं छप्पर. शेजारून जाणारा प्रत्येक बाइकवाला मान वळवून बघत होता. आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागच्या उजव्या चाकातली हवा कमी होत होती.

दादाने गाडी डावीकडे घेतली. आम्ही उतरलो. मागची डिकी उघडली, तिथे काही नाही. पुढची उघडली (इंजिन मध्ये असल्याने हिला पुढेही डिकी आहे!). तिथे आमच्या दोन सॅक, एक बाटली आणि एक छोटा पंप.

‘‘दादा, स्टेपनी कुठंय?’’

दादा माझ्याकडे नुसता बघत राहिला. गाडी घेताना त्याने इंजिनचा आवाज ऐकला, सर्व्हिसची कागदपत्रं तपासली, सीटच्या लेदरवरून हातसुद्धा फिरवला. हा एक प्रश्न मात्र त्याने विचारलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आलीये स्पोर्ट्स कार! थांबा. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे नियम बदललाय. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर कारमध्ये स्टेपनी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्यामुळे घरी आलेल्या नव्या कोऱ्या गाडीच्या डिकीतही चाकाऐवजी बाटलीच निघू शकते. हा लेख वाचून झाला की आधी खाली जा आणि बघा.

चाक देतच का नाहीत?

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याला अगदी घरचा वाटतो, पण तो आलाय वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. मग स्पोर्ट्स कारवाल्यांनी ते का काढून टाकलं? पहिलं कारण वजन आणि जागा. दुसरं कारण जास्त गमतीशीर आहे. बऱ्याच स्पोर्ट्स कारची पुढची आणि मागची चाकं एकसारखी नसतातच. पोर्शे ९११ करेरा एसचं उदाहरण घ्या. पुढे २४५/३५, २० इंची आणि मागे ३०५/३०, २१ इंची. म्हणजे एक स्टेपनी ठेवून भागणार नाही, दोन लागतील!

हे आकडे वाचायला शिका, कामाला येतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची आहे. ३०५ चे ३० टक्के म्हणजे साधारण ९२ मिमी. १६५/८० टायर असलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये हीच उंची १३२ मिमी भरते. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबराची उशी किती, ते यावरून कळतं. स्पोर्ट्स कार खड्ड्यांना एवढी का घाबरते, त्याचं उत्तर इथे आहे.

आमची खरी चूक

स्टेपनी नसणं ही काही आमची सगळ्यात मोठी चूक नव्हती. ती पुढे झाली. नेमकं काय घुसलंय ते बघायला दादा उजव्या चाकापाशी उकिडवा बसला. पाठ हायवेकडे. मी उभी राहून मोबाइलच्या टॉर्चने उजेड दाखवत होते. एक ट्रेलर इतक्या जवळून गेला, की वाऱ्याने गाडीसकट आम्ही हललो. माझ्या हातातला मोबाइल पडला.

थोडं पुढे एक धाबा होता. तिथून एक काका ओरडत आले, ‘‘अहो, चाक बघताय का जीव देताय? ताई, तुम्ही आधी कठड्याच्या पलीकडे व्हा. आणि दादा, गाडी हळूहळू आत आणा. टायर गेला तर गेला!’’

ते अगदी बरोबर बोलत होते. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूला थांबते, त्यामुळे उजवं चाक म्हणजे थेट वाहतुकीच्या तोंडाशी. सगळं लक्ष टायरकडे असताना मागून काय येतंय ते दिसत नाही. थोडं अंतर हळू चालवून टायर खराब झाला, तर नवा घेता येतो. एरवी थांबावंच लागलं तर हजार्ड लाइट लावा, लाल त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर ठेवा आणि सगळे कठड्याच्या पलीकडे जा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि कुठल्याही आणीबाणीत ११२.

बाटलीतलं औषध

धाब्याच्या अंगणात पोचल्यावर किट बाहेर काढलं. बाटलीत चिकट द्रव असतो. तो वॉल्व्हमधून टायरमध्ये सोडायचा, पंपाने हवा भरायची आणि थोडं अंतर चालवायचं, म्हणजे द्रव आतून पसरून छिद्र बुजवतो. खिळा किंवा स्क्रू उपटून काढायचा नाही. हा इलाज फक्त टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथल्या लहान छिद्रासाठी आहे. बाजूची भिंत फाटली असेल तर उपयोग शून्य. आणि नंतरही ताशी ८० किमीच्या आतच चालवायचं, तेसुद्धा जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत.

आम्ही सूचना नीट वाचल्या. शेवटच्या ओळीत बाटलीची एक्सपायरी डेट होती. ती दोन वर्षांपूर्वीच उलटली होती.

मग काकांनी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला फोन लावला. तो बाइकवर आला, माझ्याच वयाचा असेल. त्याने जॅक गाडीखाली सरकवून बघितला. गेलाच नाही, गाडी इतकी खाली. आता काय, असं आम्ही विचारणार तोच तो म्हणाला, ‘‘चाक काढायचंच कशाला? गाडी जरा पुढे घ्या. अजून थोडी. बास.’’ चाक अर्धं फिरलं आणि स्क्रू समोर आला. त्याने तो काढला, टोच्याने भोक साफ केलं, रबराची पट्टी आत दाबली आणि थुंकी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. दहा मिनिटं. किटमधला पंप निदान चालू होता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेली हवा भरली.

‘‘किती झाले?’’

‘‘दोनशे. आणि दादा, पळवू नका. ही पट्टी पुण्यापर्यंत पोचायला आहे.’’

पाचगणी राहिली. ताशी ७० च्या स्पीडने परत आलो, वाटेत टेम्पोसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करून गेले. दुसऱ्या दिवशी दादाने टायर बदलला आणि नवी बाटली घेतली.

निघण्याआधी पाच मिनिटं

- डिकी उघडा. स्टेपनी आहे की किट? स्टेपनी असेल तर तिच्यात हवा आहे का?
- किट असेल तर बाटलीची तारीख बघा. पंप एकदा चालवून बघा.
- चाकाला लॉक नट असेल तर त्याची चावी गाडीतच हवी.
- खाली बसणाऱ्या गाडीला टोइंग लागलंच, तर फ्लॅटबेड मागवा. दोरीने ओढू देऊ नका.
- लाल त्रिकोण आणि टॉर्च सोबत ठेवा. (मोबाइलचा टॉर्च पडतो. स्वानुभव.)

पुढच्या रविवारी पुन्हा निघतोय. वाईच्या आधी एक थांबा ठरलाय, त्याच धाब्यावर. काकांना चहा पाजायचा राहिलाय.