पंधरा आठवड्यांचे सत्र, आठवड्याची पाळी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागली, की आळंदीतली गर्दी ओसरते. इंद्रायणीचे घाट मोकळे होतात आणि गाव आपल्या नित्याच्या उद्योगाला लागते. महाविद्यालयांचे नवे सत्रही साधारणतः याच सुमारास सुरू होते. देहूफाट्याच्या बाजूला पाठीवर पिशवी अडकवून भाड्याची खोली शोधीत हिंडणारी मुले दिसू लागतात.

बाहेरगावाहून येऊन शिकणारा मुलगा आळंदीला नवा नाही. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील विद्यार्थ्यांनी मधुकरी मागून दिवस काढले, पण त्यांचा सारा दिवस अध्ययनाचाच होता. आज त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी मधुकरी मागत नाही. तो चाकणच्या कारखान्यात पाळी करतो. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला, घरी कोरडवाहू जमीन असलेला हा मुलगा चौघांत एक खोली घेतो, मेसचा डबा लावतो, आणि पगारातून उरेल ते घरी पाठवतो. त्याला पदवीही हवी असते. ही इच्छा पोरकट नव्हे. पदवीवाचून पर्यवेक्षकाची जागा मिळत नाही, हे त्याने कारखान्यातच पाहिलेले असते.

या विद्यार्थ्याचे नवे सत्र कसे जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. सत्रात अध्यापनाचे ९० दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याचे १५ आठवडे. वेळापत्रक पहिल्या दिवशी फलकावर लागते आणि अखेरपर्यंत तेच राहते. कारखान्याची पाळी मात्र बहुधा दर आठवड्याला फिरते : पहिली, दुसरी, रात्रपाळी, पुन्हा पहिली. महाविद्यालय सकाळचे धरले, तर दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो तास आटोपून थेट कामावर जाऊ शकतो. रात्रपाळीच्या आठवड्यात कंपनीच्या बसमधून उतरून, तोंडावर पाणी मारून तो वर्गात येऊन बसतो. (मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलावर ओरडण्यापूर्वी तो रात्री कोठे होता, हे विचारायला हरकत नसावी.) परंतु पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्याला येताच येत नाही. असे पाच आठवडे बुडाले, की उरतात दहा. पंधरांपैकी दहा म्हणजे शेकडा सदुसष्टही नाही, आणि नियमाला हजेरी हवी पंचाहत्तर टक्के. तेव्हा हा मुलगा एकदाही आजारी पडला नाही, बहिणीच्या लग्नालाही गेला नाही, तरी तो नियमात बसत नाही. दुपारच्या महाविद्यालयात दुसऱ्या पाळीचे आठवडे बुडतात, एवढाच फरक.

याला आळस म्हणता येणार नाही. दोन वेळापत्रके एकमेकांना न विचारता आखली गेली, त्याचा हा परिणाम आहे. प्राध्यापकांना हे ठाऊक असते. कोणी हजेरीपटाकडे काणाडोळा करतो, कोणी नियमावर बोट ठेवतो. आणि मुलाचे वर्ष कोणाच्या हाती पडते, यावर त्याचे भवितव्य ठरते.

नव्या शैक्षणिक धोरणाने येथे काही दारे उघडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०२० च्या या धोरणानंतर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले, आणि मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवण्याची सोय झाली. पण श्रेयांकाची मोजदाद पाहा. वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे १२०० तास, म्हणजे सत्राच्या प्रत्येक आठवड्याला चाळीस. कारखान्याचे अठ्ठेचाळीस मिळवले, की झाले अठ्ठ्याऐंशी. रोज सात तास झोप धरली, तर प्रवास, स्वयंपाक, धुणे आणि गावाकडच्या फोनसाठी दिवसाला साडेचार तासही उरत नाहीत. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सवलतही धोरणात आहे. ज्याला घरचा आधार आहे, त्याला ती सवलत वाटेल. आळंदीच्या खोलीतल्या मुलाच्या बाबतीत ते शिक्षण सुटण्याचेच प्रतिष्ठित नाव ठरण्याची भीती आहे.

मिळवत्या विद्यार्थ्यासाठी संस्थेने आपले घड्याळ बदलावे, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेत प्रत्यक्षात आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. तथापि त्या काळच्या कारकुनाची कचेरी रोज एकाच वेळी भरत असे. फिरत्या पाळीला नुसते सकाळचे किंवा नुसते रात्रीचे महाविद्यालय पुरत नाही. तोच तास सकाळी आणि पुन्हा सायंकाळी व्हावा, आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी कोणत्याही एकास बसावे, अशी व्यवस्था हवी. पहिल्या पाळीच्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तो सायंकाळी येईल, दुसऱ्या पाळीत सकाळी. त्यासाठी अध्यापकांची पदे वाढवावी लागतील, आणि जेथे आहेत तीच पदे भरताना ओढाताण होते तेथे ही मागणी जड वाटणार, हे उघड आहे. दुसरा मार्ग कारखानदारांच्या हाती आहे : शिकणाऱ्या कामगाराला सत्रापुरती एकच पाळी द्यावी. यात खर्च फारसा नाही; पाळीपत्रक लिहिणाऱ्याने महाविद्यालयाचे वेळापत्रक एकदा पाहिले, तर पुष्कळ झाले.

तोवर ते पाहण्याचे काम विद्यार्थीच करतो. सत्राच्या पहिल्या दिवशी फलकापुढे उभा राहून तो वेळापत्रकाचा फोटो काढतो आणि मोबाइलमधल्या पुढच्या आठवड्याच्या पाळीपत्रकाशी ताडून पाहतो. सोमवारी पहिली पाळी असते.