चित्र उलगडणारी चिप आणि तिचा ड्रायव्हर

1920 गुणिले 1080 बिंदूंची एक चौकट आणि सेकंदाला अशा 25 चौकटी, म्हणजे दर सेकंदास 5 कोटी 18 लाखांहून अधिक बिंदू! साठवणुकीसाठी आवळलेले हे चलच्चित्र उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरवर सोपविल्यास लहान यंत्र तापते, चित्र अडखळते. म्हणून स्वस्त चिपमध्येही त्यासाठी बहुधा स्वतंत्र विभाग असतो. परंतु त्याला काम सांगणारी ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली नसेल, तर तो विभाग असून नसल्यासारखाच होय.

ऑलविनर या चिनी कंपनीच्या चिपांबाबत हेच घडले. पुरेशी माहिती खुली नसल्याने स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन निरखून तिचे नियम शोधले. त्या आधारावर 2018 मध्ये बूटलिन या फ्रेंच कंपनीने लोकवर्गणीतून ‘सेड्रस’ ड्रायव्हर सिद्ध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो लिनक्सच्या 4.20 आवृत्तीत समाविष्ट झाला. आरंभी त्यात एमपेग-2 एवढ्याच पद्धतीची सोय होती; इतर पद्धतींची भर पुढे पडली.

उत्पादकाने लक्ष काढून घेतले तरी मूळ लिनक्समधील ड्रायव्हरची देखभाल इतरांना करता येते. तेव्हा शाळेसाठी वा ग्रामपंचायतीसाठी असे यंत्र घेताना चिपच्या क्षमतेबरोबरच तिचा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये आहे काय, हेही अवश्य विचारावे.